धूर कुठे जातो?

जर्मनीहून आलेलं खोकं ओसरीवर फोडलं, कागदाचे बोळे बाजूला केले आणि आतला अ‍ॅल्युमिनियमचा डबा आईसमोर ठेवला. लांबीला दोन विती, हातात घेतला तर भरलेल्या पितळी कळशीपेक्षा हलका. "गाडीत बसवायची शेगडी," मी म्हटलं. "पेट्रोलवर चालते." आईने डब्यावरून हात फिरवला, दोन्ही टोकांची भोकं पाहिली आणि विचारलं, "धूर कुठे जातो?"

ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईला हा प्रश्न सुचला यात नवल नाही. साठच्या दशकात लग्न होऊन ती वाईहून बंगालमधल्या ईशापूरला आली. वडील रायफल फॅक्टरीत. क्वार्टरच्या मागे कोळशाची शेगडी. बंगाली शेजारणी तिला उनून म्हणत. हिवाळ्यातल्या संध्याकाळी गंगेवरून थंड हवा सरकत यायची आणि साऱ्या वस्तीच्या उनूनांचा धूर वर जायचं सोडून जमिनीलगत पसरून राहायचा. दिवे पिवळे पडायचे. आई पदराने डोळे पुसत वाढायची. गरम वरणाची मला आठवण आहे, तिला त्याच्या धुराची आहे. ऊब आणि धूर ही जुळी भावंडं, एक हवं तर दुसऱ्यालाही घरात घ्यावं लागतं, हे तिने फार लवकर मान्य करून टाकलं होतं.

वडिलांनी १९७४ साली घेतलेली जुनी अ‍ॅम्बॅसेडर मार्क टू अजून आमच्या दारात उभी आहे. आम्ही बराकपूरला राहायला आलो तेव्हा तीही आली. घाटावर उभं राहिलं की पलीकडे श्रीरामपूर, आणि त्याच काठाने खाली गेलं की हिंद मोटर. गुजरातेतल्या ओखा बंदरात सुरू झालेला कारखाना १९४८ मध्ये तिथे, उत्तरपाड्याला आला आणि त्याच्या नावाने रेल्वे स्टेशन झालं. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डचा साचा घेऊन १९५७ च्या सुमारास तिथे अ‍ॅम्बॅसेडर बनू लागली. २०१४ च्या मे महिन्यात काम थांबलं. आमची गाडी म्हणजे नदीपलीकडची लेक. तिच्यात हीटर नव्हता, आणि बराकपूरमध्ये तो कोणी मागितलाही नसता. या गावाची सगळी बुद्धी गारव्यासाठी खर्च झालेली आहे. सिमला गाठण्याआधीचे गव्हर्नर जनरल कोलकात्याच्या उकाड्यातून पळून इथल्या लाटबागेत येत. उंच छत, खोल व्हरांडे, नदीकडे तोंड करून लावलेली झाडं, सारं काही उष्णता बाहेर घालवण्यासाठी. अशा गावात उष्णता आत आणणारं यंत्र घेऊन मी बसलो होतो.

कारण होतं कांचनजंगा. वडील असताना एकदा आम्ही दार्जिलिंगला गेलो होतो. पहाटे टायगर हिलच्या वाटेवर गाडी थांबली, बाकीचे खाली उतरले, आई मात्र गुडघे धरून मागच्या सीटवर बसून राहिली. इंजिन बंद होतं, काचा दवाने आंधळ्या झाल्या होत्या. आम्ही धावत येऊन सांगितलं, शिखर गुलाबी झालंय! ती म्हणाली, तुम्ही बघा. त्यानंतर तिने पहाडाचं नाव काढलं नाही; यंदा मात्र स्वतःहून काढलं.

साधा हीटर का नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. साध्या हीटरला उष्णता इंजिनच्या पाण्यातून मिळते. रेडिएटरकडे जाणारं गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरवायचं आणि त्या जाळीवरून वारा सोडायचा. पण इंजिन तापेपर्यंत थांबावं लागतं, आणि ते बंद केलं की थोड्याच वेळात ऊबही संपते. आईला ऊब हवी होती ती नेमकी उभ्या गाडीत, सूर्याची वाट बघताना. पेट्रोलच्या हीटरला इंजिनची गरज नाही. फोक्सवॅगनच्या बीटलला हवेने थंड होणारं इंजिन, म्हणजे गरम पाणीच नाही. त्या गाड्यांत असे हीटर बसवत. अमेरिकेत १९६० च्या शेव्हरोले कॉर्व्हेअरलाही पेट्रोलचा हीटर मिळे. माझा भाचा स्टुटगार्टला असतो. तिथून जवळच्या एसलिंगेनमध्ये १८६५ पासून चालत आलेली एबरस्पेशर कंपनी हे हीटर बनवते. त्याने नवा, कोरडा, पेट्रोलचा थेंबही न लागलेला डबा पाठवला.

मिस्त्रीदादा श्रीरामपूरहून होडीने धोबीघाटावर उतरले. आयुष्य हिंद मोटरमध्ये घालवलेला माणूस. डबा त्यांनी पाहिला आणि बाजूला ठेवला. गाडीत बसले, सगळी दारं लावून घेतली आणि मला बाहेरून उदबत्ती धरायला सांगितली. दाराच्या फटीशी, पेडलच्या भोकांशी, जिथे उदबत्तीची रेघ आत ओढली जाई तिथे ते खडूने खूण करत. "आधी वारा बंद करू, मग आग आणू." तीन दिवस आम्ही हीटरला हात लावला नाही. दारांचं रबरी बीडिंग बदललं, गंजून पातळ झालेल्या तळाला नवा पत्रा जोडला, तारा जाण्याच्या प्रत्येक भोकात रबराची चकती बसवली. माझ्या मते निम्मी ऊब त्या तीन दिवसांतच आली.

मग डबा उघडून त्यांनी मला आतली रचना दाखवली, आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा कळलं. आत दोन वारे आहेत. एकाच मोटरच्या दांड्याला दोन पंखे. एक पंखा बाहेरची हवा ओढून ज्वालेला देतो. लहानसा पंप टिकटिक करत पेट्रोलचे थेंब मोजून सोडतो, तापलेला ग्लो प्लग ते पेटवतो, आणि जळून उरलेली हवा स्वतंत्र नळीने गाडीखालून बाहेर जाते. दुसरा पंखा गाडीतली हवा घेतो आणि त्याच आगीच्या बाहेरून फिरवतो. मधे अ‍ॅल्युमिनियमची भिंत, तिला आतून-बाहेरून पात्यासारख्या कडा. उष्णता भिंतीतून पलीकडे जाते, धूर अलीकडेच राहतो. दोन्ही वारे एकमेकांना पाठ लावून वाहतात, भेटत नाहीत. हे पाहून मला भरून आलं. माझ्या आईने वीस वर्षं डोळे चोळत जे मागितलं नव्हतं, ते कुणीतरी एवढ्याशा डब्यात करून ठेवलं होतं.

ती भिंत फुटली तर मात्र खेळ संपतो. पेट्रोल अपुरं जळलं की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत ती यामुळेच. म्हणून मिस्त्रीदादांनी धुराची नळी डिकीच्या तळातून काढून दारांपासून दूर, गाडीच्या बाजूला नेली. तिचं टोक पुढे ठेवलं नाही, म्हणजे चालत्या गाडीचा वारा आत घुसणार नाही. जिथे नळी पत्र्यातून जाते तिथे उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. पेट्रोलचा फाटा वेगळा, तारेला वेगळा फ्यूज. मी सीटमागे कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र लावलं. पेट्रोल भरण्याआधी हीटर बंद, बंद गॅरेजमध्ये तो कधीच लावायचा नाही, असं मिस्त्रीदादांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

पहिल्यांदा सुरू केला तेव्हा बराकपूरमध्ये स्वेटरही लागत नव्हता. मिनिटभर नुसता पंखा, मग टिकटिक, मग लांबून कुणी फुंकणीने चूल फुंकावी तसा आवाज. मागच्या सीटखालच्या जाळीतून ऊन वारा आला. बंद केल्यावरही पंखा काही मिनिटं चालूच राहिला. तापलेल्या भिंतीला निववूनच तो थांबतो. ताशी पाव लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं.

डिसेंबरात निघालो. कृष्णनगर, बहरमपूर, फराक्क्याचं धरण, माल्दा. मैदानात हीटरचं काम नव्हतं. कर्सियांगच्या वर धुक्यात शिरलो तेव्हा मी बटण दाबलं, आणि आईने कानटोपी किंचित मागे सारली.

पहाटे टायगर हिलच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली होती. इंजिन बंद केलं. मागून टिकटिक येत होती. मी एक काच बोटभर उघडी ठेवली होती. आई बराच वेळ नाकाने हवा घेत राहिली, उनूनाशी बसणारी बाई घेते तशी, मग म्हणाली, "मला खाली उतरव."

मला वाटलं शिखर बघायचंय. पण शिखराकडे तिने पाहिलंही नाही. माझा हात धरून ती गाडीला वळसा घालून डिकीपाशी आली आणि वाकली. त्या थंडीत नळीच्या तोंडाशी पांढरी वाफ दिसत होती, बारीक, एकसारखी, खाली उतरत रस्त्यावर विरणारी. तिच्यापासून हातभर दूर उभी राहून आई तिच्याकडे बघत राहिली.

"इथे येतो होय," ती म्हणाली.

मागे कुणीतरी ओरडलं, रांगेतल्या माणसांनी एकदम मान वर केली. आई सावकाश वळली, आपल्या जागी जाऊन बसली, शाल मांडीवर सारखी केली, आणि उघड्या दारातून लालसर होत चाललेल्या आभाळाकडे बघत मला म्हणाली, "आत ये आणि दार लाव. ऊब जाते."