एका भेगेचा इतिहास : जंजिऱ्याचा तट, बुरूज आणि तिसरी मिती

१/ राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याकडे जाताना किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ पोहोचेपर्यंत दिसत नाही. माझ्या प्रबंधातील एक चूक अशीच दडून राहिली होती. हा धागा म्हणजे तिची कबुली.

२/ एका बुरुजावरील उभी भेग मी टिपली होती. भिंतीचा उभा छेद काढून आतल्या भरावाचा रेटा सूत्राने मोजला, तेव्हा भिंत आपल्या वजनाने तो सहज पेलत होती. मग भेग पाडायला शत्रूच हवा! संभाजी महाराजांचा १६८१-८२ चा वेढा डोळ्यांसमोर होताच. ‘तोफांच्या माऱ्याची खूण’ असे मी लिहून मोकळी झाले.

३/ स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या मैत्रिणीने विचारले, “हा छेद तटाचा की बुरुजाचा गं?”
“दोन्ही सारखेच की.”
“तिथेच चुकलीस.”

४/ लांब, सरळ तट कुठेही कापला तरी छेद तोच आणि भारही तोच. विरूपण छेदाच्या प्रतलातच घडते. तेथे द्विमितीय प्रतिमान पुरते.

५/ कोयना धरण हा याचा उत्तम दाखला. १०३ मीटर उंचीचे हे धरण स्वतंत्र ठोकळ्यांचे आहे. प्रत्येक ठोकळा आपला भार आपणच पायाकडे नेतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात, जेथे उतार एकाएकी बदलतो तेथे आडव्या भेगा पडल्या. त्यांचे कारण अभ्यासकांना द्विमितीय छेदातूनच उलगडता आले. केरळातील इडुक्की धरण मात्र कमानीचे. ते पाण्याचा भार दोन्ही कडांच्या खडकांकडेही नेते. तेथे एकट्या छेदावर विसंबता येत नाही.

६/ बुरूजही वक्रच. पोटातला भराव बाहेर रेटू लागला, की बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धावेप्रमाणे भिंतीच्या परिघात ताण येतो. दगडचुन्याच्या बांधकामाला ताण सोसत नाही; ते उभे तडकते. हा ताण छेदाच्या प्रतलाला लंब असतो, म्हणून माझ्या छेदात तो दिसणेच शक्य नव्हते. बुरूज पूर्ण गोल आणि सुटा असता, तर अक्षसममित गणिताने भागले असते; पण तो दोन्ही बाजूंनी तटाला जोडलेला. म्हणून येथे त्रिमितीय प्रतिमानच हवे.

७/ याचा अर्थ तोफ खोटी ठरली असा नाही. माझा पुरावा तेवढा गळून पडला. शिवाय त्रिमितीय म्हणजे आपोआप खरे, असेही नव्हे. भरावाची घनता आणि चुन्याची ताकद अंदाजाने धरली, तर तो अंदाजच तीन दिशांना पसरतो.

८/ ते वाक्य मी खोडले. आता तेथे एवढेच आहे : ‘उभी भेग; कारण अनिश्चित.’ प्रबंध एका रोमहर्षक ओळीने गरीब झाला, पण इतिहासाशी थोडा अधिक प्रामाणिक झाला. मित्रहो, किल्ल्यावर भेग दिसली, तर तिचा शत्रू शोधण्याआधी भिंतीचे वळण पाहा.