पाच सीड्यांचं यंत्र

मैत्रिणींनो, कणकेच्या हातांनी कॅसेट उलटणारी आई आठवते ना? म्हणूनच ह्यांनी सीडी चेंजरची गोष्ट काढली तेव्हा मी हरखले. एका सीडीत फार तर ७४ ते ८० मिनिटं. पाच एकदम घातल्या की सहा तास उठायला नको! जुना, पण चालू, चार हजारांना करंजाड्यातल्या आमच्या घरी आला.

सासूबाईंना मोबाइलवरचं गाणं रुचत नाही. मध्येच जाहिरात लागली की दचकतात. त्यांना गीतरामायण सलग हवं. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर लोकांनी आठवड्याआठवड्याने ऐकलेली ती ५६ गीतं, आम्हाला एका दुपारी हवी होती!

तर विकतच्या सीड्या वाजल्या. एक संपून दुसरी येईपर्यंत आत जात्यासारखी घरघर चाले आणि सासूबाई दर वेळी विचारत, ‘‘अगं, बिघडलं का?’’ ते चालवून घेतलं असतं हो. पण चेंजर घेतला होता मामंजींसाठी. ते भजनी मंडळात गायचे. २००९ साली भाच्याने त्यांची भजनं ध्वनिमुद्रित करून चार सीड्या भरून दिल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी मामंजी गेले. सासूबाई ठेवणीतलं पातळ नेसून ऐकायला बसल्या. यंत्राने सीडी फिरवली, फिरवली आणि अक्षरं उमटली, ‘नो डिस्क’. चारही तशाच.

पनवेलचा मेकॅनिक म्हणाला, विकतची सीडी कारखान्यात छापलेली असते. घरी भरलेलीत रंगाचा थर असतो, त्यावरून लेझरचा प्रकाश कमी परततो. भिंग जुनं, त्यात आपली दमट हवा. यंत्राला ती दिसतच नाही. शिवाय दोन सीड्या एमपीथ्रीच्या. ती भाषा ह्या यंत्राला ठाऊकच नाही! ‘‘ह्याचं नवं भिंग मिळत नाही, ताई.’’

तुमच्या मनात असं काही घ्यायचं असेल तर घरच्या सीड्या पिशवीत घालूनच जा. विकणारा आपल्याजवळच्या चांगल्या सीड्या वाजवून दाखवतो, त्यावर भुलू नका. आणि हो, सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल गोल नव्हे.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर तीन सीड्या उघडल्या. त्या पेनड्राइव्हवर घेतल्या. चौथी काही केल्या उघडेना. सासूबाई म्हणतात, भैरवी त्याच सीडीत आहे. चेंजर मोडीत काढू देत नाहीत. ती सीडी पाचव्या खाचेत ठेवलीय आणि रोज दिवेलागणीला त्या बटण दाबून बघतात.