आमच्या गावचा संकासुर

शिमगा गेला तरी कवित्व उरते, असे आपल्याकडे म्हणतात. माझे कवित्व जरा जास्तच उरले. फाल्गुनात निघाले ते रेंगाळत रेंगाळत थेट दिवाळीच्या फराळाला येऊन बसले. तेव्हा वाचकांनी चकलीचा तुकडा मोडता मोडता घटकाभर होळीच्या धुराचा वास सहन करावा, एवढी विनंती.

निमित्त झाले आमच्या नातवाचे. वय वर्षे सहा, मुक्काम ठाणे, मजला सातवा. आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही, अशी त्याची ठाम समजूत आहे. 'झोप, नाहीतर बुवा येईल,' असे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा म्हणून पाहिले, तर 'लिफ्टने येईल की जिन्याने?' असा त्याने उलट प्रश्न केला. आईच्या फोनवर त्याने डायनासोर पाहिले आहेत, भुते पाहिली आहेत, आणि भात खाता खाता पाहिली आहेत. अशा वीरपुरुषाला मी एके दिवशी सहज म्हणालो, "तू अजून आमच्या गावचा संकासुर पाहिला नाहीस."

झाले! संकासुर म्हणजे काय, तो किती मोठा असतो, चावतो का, इथपासून चौकशी सुरू झाली आणि शेवटी 'मी येणार, आणि त्याला ढिशूम करणार' असा निकाल लागला. चिरंजीवांनी रजा काढली. सूनबाई मात्र गप्प होत्या. गाडीने पनवेल सोडल्यावर त्यांनी तोंड उघडले.

"बाबा, मुलांना असं मुद्दाम घाबरवायचं नसतं. मनावर कायमचा परिणाम होतो."

त्यांचे म्हणणे खोटे नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून शपथेवर सांगू शकलो असतो. पण सांगितले नाही. ते का, हे पुढे येईलच. मी वाद दुसरीकडून सुरू केला. सूनबाईंचा भाऊ नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात, साल्झबुर्गला असतो. त्याने पाठवलेली चित्रफीत त्यांनीच आम्हांला मागे दाखवली होती. तिकडे ५ डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे सेंट निकोलसच्या सणाच्या आदल्या रात्री, क्रांपस नावाचा प्राणी रस्त्यात उतरतो. अंगभर काळी लव, डोक्यावर बोकडाची शिंगे, लाकडात कोरलेला भेसूर मुखवटा, लोंबती लाल जीभ, कमरेला घंटा आणि हातात काटक्यांची जुडी. संत चांगल्या मुलांना खाऊ देणार आणि हा वाईट मुलांचा समाचार घेणार, अशी कामाची वाटणी. त्या चित्रफितीत चांगली गोरीगोमटी, स्वेटर घातलेली पोरे आयांच्या मागे दडून आमच्या गावच्या पोरांसारखीच भोकाड पसरीत होती.

"तिकडेही विरोध झालाच होता," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी याबद्दल वाचले असणार याची मला कल्पना असायला हवी होती. "व्हिएन्नामध्ये १९५०च्या सुमारास बालशाळांच्या प्रमुखांनी पत्रक काढलं होतं, क्रांपस हा वाईट माणूस आहे म्हणून."

"मग बंद झाला का तो?"

"नाही," सूनबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

प्रवासाचे वर्णन करण्यात अर्थ नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि आमच्या प्रवासवर्णनांतली मौजच गेली. पूर्वी रात्रभर एस.टी.त आदळत, घाटाघाटाला लिंबू हुंगत आम्ही गावी पोचत असू. आता चिपळूणला उतरावे आणि गुहागरची एस.टी. पकडावी. चिपळूण ते गुहागर अंतर सुमारे ४५ किलोमीटर. वाटेत मार्गताम्हाने लागते, शृंगारतळी लागते, आणि मधेच एका फाट्यावर उतरून तांबड्या मातीच्या रस्त्याने आत गेले की आमचे गाव. काजूच्या बोंडांचा आंबूस वास आला की गाव आले असे समजावे.

शहरातल्या वाचकांना शिमगा म्हणजे एका दिवसाची होळी आणि दुसऱ्या दिवशीचे रंगाचे डाग, एवढेच ठाऊक. रत्नागिरी जिल्ह्यातला शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीला, फाकपंचमीला सुरू होतो. काही गावांचे शिमगे तेरसे, म्हणजे त्रयोदशीचे. काहींचे भद्रे, म्हणजे पौर्णिमेचे. ग्रामदेवतेची रूपे पालखीत बसतात, सहाणेवर येतात आणि मग देवी स्वतः घरोघर जाते. एरवी आपण देवाकडे जायचे, तर शिमग्यात देव आपल्याकडे येतो. त्यासाठी मुंबईचा चाकरमानी नोकरीवर लाथ मारून गावी जातो, असे म्हणतात. प्रत्यक्षात तो साहेबाला आजी वारल्याचे सांगून जातो. काही आज्या अशा आठ-आठ वेळा वारल्या आहेत.

आणि याच दिवसांत खेळे निघतात. मृदंग, झांजा, बायकांचे सोंग घेतलेली गोमू, आणि या सर्वांच्या पुढे किंवा मागे किंवा, जिथे आपण उभे असू नेमका तिथे, संकासुर.

आमच्या गावच्या संकासुराचा पोशाख असा : मानेपासून पावलांपर्यंत काळे कपडे. तोंडावर काळे कापड, त्याला डोळ्यांपुरती भोके, भोकांभोवती पांढरी वर्तुळे. छातीवर रुळणारी पांढरीशुभ्र दाढी. डोक्यावर हातभर उंच निमुळती टोपी. कमरेला घुंगरांचा जाड पट्टा आणि हातात वळलेल्या कापडाचा सोटा. पुराणांतल्या शंखासुराने वेद पळवले आणि विष्णूने मत्स्यरूप घेऊन त्याला मारले, तोच हा. सिंधुदुर्गाकडच्या दशावतारात तो आरंभीच येतो आणि मालवणीत बोलून लोकांना हसवून सोडतो. आमच्याकडचा मात्र बोलत नाही. तो बोलत नाही, हेच वाईट. बोलला असता तर आवाज ओळखता आला असता.

आता माझी गोष्ट सांगायलाच हवी. साल १९६६, मी सात वर्षांचा. आमच्या नारळांवर चढणारा एक गडी होता, त्याला आम्ही तात्या म्हणत असू. शाळा पऱ्यापलीकडे. पावसाळ्यात पऱ्याला पाणी चढले की तात्या मला खांद्यावर घेऊन पलीकडे पोचवी. त्या खांद्यावरून मला जग फार सुरेख दिसत असे. त्या वर्षीच्या शिमग्यात संकासुराने मला ओटीवरून उचलले आणि अंगणात नेऊन नाचवले. मी किंचाळलो, लाथा मारल्या आणि शेवटी त्याचा हात कडकडून चावलो. त्या झटापटीत तोंडावरचे कापड सरकले. खाली तात्याचा चेहरा होता, आणि तो हसत होता.

संकासुरापेक्षा मला त्या हसण्याची भीती वाटली. जून आला, पऱ्या भरला, तात्या नेहमीसारखा दारात येऊन पाठीत वाकला. मी वडिलांच्या धोतराला धरून उभा राहिलो. त्या दिवसापासून मी वडिलांचा हात धरून, कमरेएवढ्या पाण्यातून जात राहिलो. तात्या इरले पांघरून मागून येई. बोलत नसे. पुढच्या वर्षी आम्ही मुंबईला आलो.

तर असो. यंदा पालखी आमच्या अंगणात यायची ती रात्री साडेनऊला आली. सौभाग्यवतींनी देवीची ओटी भरली. आमचे वीरपुरुष पायरीवर मुठी आवळून तयार होते. तेवढ्यात गडग्याखालून, अंधारातून, घुंगरांचा आवाज आला. छन्न. मग काही नाही. मग अगदी जवळ, छन्न.

"आजोबा, तो खरा नसतो ना?"

मी उत्तर देण्यासाठी खाली पाहिले तर पायरीवर कोणी नव्हते. आमचे चिरंजीवही दोन पायऱ्या वर सरकले होते. मुलाच्या मनावर परिणाम होऊ नये म्हणून पुढे व्हायला हव्या होत्या त्या सूनबाई दाराआड उभ्या होत्या आणि नवऱ्याची कॉलर त्यांच्या मुठीत होती. संकासुर उड्या मारीत आला, माझ्यासमोर थांबला आणि मान वाकडी करून त्याने माझ्याकडे पाहिले. वयाची पासष्ट वर्षे उलटलेला, पेन्शन घेणारा मी गृहस्थ. एक पाऊल मागे सरलो, हे लपवण्यात अर्थ नाही. मग त्याने हात पुढे केला. मी पोस्त दिले.

आणि मग एक गोष्ट झाली. शेजारची सून पाचसहा महिन्यांचे मूल घेऊन गर्दीतून पुढे आली आणि तिने ते सरळ संकासुराच्या हातांत ठेवले. नवसाचे मूल होते. ज्याच्या नावाने गावातली पोरे माळ्यावर चढतात, त्याच्यापुढेच नवस बोलायचा आणि मूल झाले की त्याच्याच हातांत द्यायचे, ही आमच्याकडची रीत. मुलाने दोन्ही मुठींनी ती दाढी धरून ओढली. संकासुर हलेना. घुंगरू वाजू नयेत म्हणून तो श्वास धरून उभा होता, असे मला वाटले. माजघराच्या दाराच्या फटीतून एक डोळा हे सारे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्याकडे गेलो. नातू बरोबर आला. रात्रीविषयी त्याने एक अक्षर काढले नव्हते. तात्याच्या अंगणात वळणीवर संकासुर वाळत पडला होता. काळी विजार उलटी टांगलेली, दाढी चिमट्याने अडकवलेली. नातवाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि माझे बोट घट्ट धरले.

तात्या आता पंच्याऐंशीच्या घरात. गुडघे गेले, डोळ्यांना अंधुक दिसते. सोंग त्याच्या नातवाकडे आले आहे. हा मुंबईत एटीएमच्या दारात रात्रपाळीचा रखवालदार. "तिकडं मला कोण घाबरत नाय," तो चहा ओतताना हसून म्हणाला.

"काल रात्री तू कुठे होतास?" आमच्या नातवाने त्याला एकदम विचारले.

"मी? झोपलेलो."

मी तात्याजवळ टेकलो. त्याचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याशेजारी पाहू लागलो. सुरकुत्यांच्या त्या जाळ्यात दातांची खूण कुठे सापडणार!

"नाय दिसायची आता," तात्या म्हणाला. थोड्या वेळाने, अगदी सहज, पाऊसपाण्याची गोष्ट काढावी तसे म्हणाला, "त्या सालापासनं तुमी माज्या खांद्यावर बसलाव नाय."

साठ वर्षे मला वाटत होते की, ही गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे. काय बोलावे ते सुचेना. मी चहा प्यायलो. तो फार गोड होता.

निघताना रखवालदार आम्हांला पऱ्यापर्यंत पोचवायला आला. मार्चमध्ये तिथे पाणी कसले, नुसते गोटे. नातू दोनदा अडखळला, तेव्हा तो गृहस्थ त्याच्यापुढे पाठ करून वाकला. नातवाने आधी त्याच्या कमरेकडे पाहिले. मग माझ्याकडे येऊन माझ्या कानात सांगितले, "घुंगरू नाहीयेत, पण मी ओळखलंय." आणि परत जाऊन त्याच्या खांद्यावर चढला.

मागे तात्या काठीवर रेलून दारात उभा होता. त्याला एवढ्या लांबचे दिसत नाही.

"बसला काय वो?" त्याने हाक मारून विचारले.

"बसला," मी ओरडून सांगितले.