पारसिकच्या पायथ्याचे पाणी

ठाण्याहून बेलापूरकडे जाणारा रस्ता प्रवासवर्णनांत सहसा येत नाही. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे ही गावे. साठीच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत आली, रंगांचे आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. थंडीत खाडीवर रोहित पक्षी उतरत. माणसे मात्र कान लावून बसत ती पाळीच्या भोंग्याकडे. आता त्यांतले बरेच भोंगे थांबले आहेत. शेजारी नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांना धुराडे नाही, खिडक्याही जवळजवळ नाहीत. ही डेटा सेंटरे. आपण भाजीवाल्याला मोबाइलवरून वीस रुपये देतो, तेव्हा त्या वीस रुपयांचा हिशेब अशाच एखाद्या बिनखिडक्यांच्या घरात होत असतो.

गेल्या मार्गशीर्षात अशा एका घरात जाण्याचा योग आला. आमच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला एक विद्यार्थी तेथे नोकरीस आहे. “सर, एकदा आमचं पाणी बघायला या,” असे त्याने कळवले होते. यंत्र बघायला या, असे तो म्हणाला असता तर मी कदाचित गेलोही नसतो.

आत गेल्यावर पहिली जाणीव होते ती आवाजाची. पंख्यांची अखंड घरघर. शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. मात्र एका दालनात ही घरघर पुष्कळच कमी होती. तेथल्या कपाटांत वाऱ्याऐवजी द्रव खेळवला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी नवी यंत्रे इतकी तापतात की एकेका कपाटातून १२० किलोवॉटपर्यंत उष्णता निघते. साठ गिझर एका गोदरेजच्या कपाटात कोंडून सगळे एकदम चालू केले, अशी कल्पना करावी. ही उष्णता वाऱ्याने उपसणे कठीण. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. म्हणून चिपच्या पाठीवर तांब्याची पोकळ पाटी बसवतात आणि तिच्यातून द्रव फिरवतात. ही युक्ती अगदीच नवी नव्हे. १९८५ सालच्या ‘क्रे-२’ या अमेरिकन महासंगणकाची मंडले तर द्रवात चक्क बुडवूनच ठेवलेली असत.

“पण हे नुसतं पाणी नाही, सर,” विद्यार्थी म्हणाला. “यात पंचवीस टक्के प्रॉपिलिन ग्लायकॉल आहे.”

ग्लायकॉल थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून घालतात, एवढे मी ऐकून होतो. मुंबईत कुठला आला बर्फ? मी तसे विचारताच तो हसला. “सर, तुमच्याकडे लोणचं घालतात ना? मीठ कशाला लागतं?”

मग उलगडा झाला. हे ग्लायकॉल पुरेसे असले म्हणजे जंतूंची वाढ रोखते. पण तेच पातळ झाले तर जंतूंचे अन्न होते. मीठ कमी पडलेल्या लोणच्याला बुरशी यावी, तसा या द्रवात बुळबुळीत थर धरतो. तांब्याच्या पाटीतल्या वाटा केसाच्या जाडीशी तुलना करावी इतक्या अरुंद. तो थर तेथे अडकला की चिप तापते, स्वतःचा वेग कमी करते आणि शेवटी बंद पडते.

म्हणून दर महिन्याला या पाण्याची नाडी पाहतात. विद्यार्थ्याने नळी उघडून आधी साचलेला द्रव वाहू दिला, मग धुतलेली बाटली भरली, तिच्यावर तारीख आणि जागा लिहिली. बाटली उजेडात धरली. गढूळपणा दिसत नव्हता. आम्लता मोजली. हा द्रव किंचित अल्कधर्मी असावा लागतो. ग्लायकॉल जुने झाले की त्यातून आम्ले तयार होतात आणि तांबे खाऊ लागतात. विद्युतवाहकता मोजली, तेथे मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताळा पाहायचा. तांबे किती विरघळले आणि तांब्याला जपणारे द्रव्य किती उरले, हे मात्र प्रयोगशाळाच सांगते.

शेवटी रीफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून त्याने डोळा लावला, आणि त्याचा चेहरा बदलला. काच पुसली, ऊर्ध्वपातित पाण्याने उपकरणाचे शून्य तपासले, पुन्हा थेंब टाकला.

“बावीस.”

तीन टक्क्यांनी असे काय बिघडणार, असे माझ्यासारख्याला वाटले. त्याने नोंदवही मागे चाळली. पंधरा दिवसांपूर्वी एक नवे कपाट जोडले होते. तेव्हा कमी पडलेला द्रव भरला कशाने, त्याची नोंद नव्हती. नवा सहकारी जवळच उभा होता; विशीतला पोरगा. तो हळूच म्हणाला, “दादा, मी डिस्टिल्ड वॉटर घातलं. शुद्ध होतं एकदम.”

त्याचे काय चुकले होते? शुद्ध पाण्याहून चांगले ते काय, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे! येथे मात्र ती शुद्धताच अपुरी होती.

“दादा, लिहायलाच पाहिजे का?” पोराने विचारले. नोकरी लागून त्याला तीनच महिने झाले होते. माझा विद्यार्थी क्षणभर थांबला. पुरेसे ग्लायकॉल घालून आकडा पंचवीसवर आणता आला असता आणि कोणाला कळलेही नसते. पण त्याने लिहिले: बावीस, कारण, भरताना साधे पाणी. खाली स्वतःची सही केली. “तुझं नाव नाही टाकलं,” तो पोराला म्हणाला, “पण कारण टाकलं. उद्या जंतू निघाले, तर माझ्या जागी येणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळायला नको?” मग त्याने वरिष्ठांना फोन लावला, जंतू पाहण्याची पट्टी द्रवात बुडवून उबेत ठेवली आणि प्रयोगशाळेसाठी दुसरी बाटली भरली.

“आणि बिघडलंच, तर ओतून द्यायचं?” मी विचारले.

“कुठे ओतणार, सर? पलीकडे खाडी आहे.” द्रवात विरघळलेले तांबे माशांना घातक. जुना द्रव पिंपांत भरून रीतसर विल्हेवाटीसाठीच पाठवावा लागतो.

तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: पट्टी स्वच्छ आहे, द्रव पुन्हा पंचवीसवर आणला आहे, आणि पुढच्या महिन्याची तपासणी तो पोरगा करणार आहे.

या पट्टीत पूर्वी माल तयार होत असे, आता हिशेब होतात. त्या अवाढव्य हिशेबाच्या तळाशी कोणीतरी हाताने लिहिलेला एक आकडा असतो. तो खरा असेल तोवरच आपले वीस रुपये भाजीवाल्यापर्यंत पोचतात.