सूर सोडताना

गेल्या आषाढात, थळच्या आमच्या ओटीसमोर पागोळ्यांचा पडदा लागलेला असताना, तीन वर्षे माझ्याकडे पेटी शिकत असलेल्या मुलीने बागेश्रीतील आलापाची एक जागा मला वाजवून दाखविली; जागा सुरेख उतरली, पण ती संपता संपता तिने मध्यमावरचे बोट असे काही उचलले की, कोयत्याने झावळ तोडावी तसा तो सूर तुटला. मी म्हटले, "अगं, सूर सोडायचा. असा टाकून काय देतेस?" त्यावर ती, यत्किंचितही उद्धटपणा न आणता, म्हणाली, "पण बुवा, तुम्ही असंच वाजवलंय की. माझ्याकडे आहे ते." आणि तिने फोन माझ्यापुढे धरला.

फोनमध्ये मीच होतो. माघ महिन्यात किहीमच्या बाजूला एका बंगल्याच्या हिरवळीवर झालेली ती मैफल कोणा श्रोत्याने टिपली होती आणि चार ठिकाणी फिरून ती या मुलीपर्यंत आली होती. गायिकेचा मध्यम, त्याच्या पाठोपाठ माझी पेटी, आणि जेथे माझा सूर विरत विरत समुद्राच्या गाजेत मिसळल्याचे मला शपथेवर आठवते, तेथे करवतीने ओढल्यासारखी रेघ. मी ते तीनदा ऐकले. चौथ्यांदा ऐकण्याची हिंमत झाली नाही, कारण साठी उलटून दहा वर्षे झालेल्या, सकाळी अनामिका वाकविताना कळ येणाऱ्या या हाताने खरोखरच तसे वाजविले असेल, ही अभद्र शंका एवढ्यात मनात येऊन गेली होती.

पेटीला मींड नाही, श्रुती नाहीत, ती साहेबाची, म्हणून 1940 साली सरकारी नभोवाणीने तिला दारे लावून घेतली आणि पुढे सुमारे तीन दशके ती उघडली नाहीत, हे सारे आमच्या धंद्यातील प्रत्येकाने केव्हाच पोटात घातलेले आहे. त्या आक्षेपांनी माझी झोप कधी गेली नाही. मला आयुष्यभर छळले ते एवढ्याशा गोष्टीने, की गायकाने श्वासासाठी सूर सोडला म्हणजे मागे उरलेला सूर मी केव्हा आणि कसा सोडावा. छेडलेल्या तारेचा नाद आपोआप क्षीण होतो, गळाही थकतो. पेटीचा सूर मात्र भात्यात वारा असेतो कचेरीतल्या कारकुनासारखा एकाच मुद्रेने बसून राहतो. त्याला उठवावयाचे तर डाव्या तळव्याखाली भाता हळूहळू बसू द्यावयाचा, उजवे बोट पट्टीवर तसेच ठेवावयाचे, आणि वारा सरता सरता सूर घोगरा होण्याच्या आत जो एक निमिष असतो त्यात ते उचलावयाचे. आधी उचलले तर तुटते, मागाहून उचलले तर पेटी खोकते. पं. तुळशीदास बोरकरांची पेटी नेमकी केव्हा थांबली हे मला समोर बसून कधी कळले नाही, आणि या माझ्या न कळण्याबद्दल मी त्यांचा मनसोक्त मत्सर केलेला आहे.

तो निमिष मला श्रोते सांगत. रेवसहून लाँचने, पेटी मांडीशी धरून, मी भाऊच्या धक्क्यावर उतरत असे आणि गिरगाव-दादरच्या मैफलींना जात असे त्या काळी सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसे गायकाबरोबर श्वास धरीत, आणि तो सैल होताना पहिल्या दोन रांगांतील खांदे जे किंचित उतरत, त्यांच्याबरोबर माझे बोट उठे. हे मी कोणाकडे शिकलो नाही. शिकल्याचे मला स्वतःलाही ठाऊक नव्हते. आता त्या खांद्यांच्या जागी उजळलेल्या काचा असतात, आणि प्रत्येक काचेत बोटभर उंचीचे माझे एक ध्यान पेटी वाजवीत बसलेले असते. फोन वाजतात ही तक्रार जुनी झाली. तिच्यापायी 2019 साली सुबोध भावे यांनी नाटकात काम करणेच सोडण्याची भाषा केली होती, आणि ती रास्तच होती. पण माझी कैफियत न वाजणाऱ्या फोनाविषयी आहे. ज्याच्या हाती चित्रण चालू आहे तो समेवर मान देत नाही, कारण चित्र हलेल. तोंडाने 'वाहवा' म्हणत नाही, कारण ती त्यात उमटेल. हात तर गुंतलेलेच. असा श्रोता इतका शांत बसतो की पूर्वीच्या एखाद्या खाँसाहेबांना त्याचे कौतुक वाटले असते, आणि त्या शांततेत मी किनारा न दिसणाऱ्या नावाड्यासारखा भाता धरून बसतो.

टिपून ठेवण्याची हाव आजची नाही. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजान ध्वनिमुद्रिकेसाठी गायल्या तेव्हापासून तासाभराचा राग तीन मिनिटांत बसविण्याची विद्या आपण शिकत आलो. अल्लादियाखाँसाहेब मात्र 1946 साली गेले ते आपल्या गळ्याची एकही तबकडी मागे न ठेवता, आणि त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 पासून व्हॉयेजर यानांतून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागलेली आहे. गुरू-शिष्यांपैकी शहाणे कोण, याचा निवाडा मला करता येत नाही. लोभ विचाराल तर माझा शिष्येच्या बाजूने आहे.

कारण खरे सांगावयाचे तर, काचा समोर आल्या तसा मीही बदललो. हल्लीचे काही तरुण पेटीवाले गायकाचे वाक्य पुरे होण्याच्या आत तानेची लड सोडून देतात आणि सोडताना फोनाकडे पाहून हसतात, म्हणून मी त्यांना चारचौघांत नावे ठेवली आहेत. परंतु त्याच सुमारास मी स्वतः बैठकीत पेटी थोडी तिरपी लावू लागलो होतो, बोटे दिसावीत म्हणून, आणि गायिकेने पाणी प्यावयास घेतले की रिकाम्या जागेत द्रुत सपाटी मारण्याची मला सवय जडली होती. रात्री थळला परतल्यावर, खिडकीतून खत कारखान्याचे दिवे दिसत असताना, मी अंथरुणात पडून कोणी काय टिपले आहे ते शोधीत असे. पत्नी विचारी, "अहो, झोपला नाहीत?" मी म्हणे, "भूप ऐकतोय." ऐकत होतो स्वतःला.

याची शिक्षाही झाली. एका कोजागिरीला गावातल्याच देवळात मैफल होती. तानपुऱ्याला माणूस मिळेना, म्हणून माझ्याच फोनातला तानपुरा ध्वनिवर्धकाला जोडला होता, आणि प्रारंभी मी श्रोत्यांना फोन बंद करण्याविषयी एक छोटेखानी, बरेचसे अपमानकारक भाषण केले होते. तासाभराने, गायक तार षड्जावर स्थिर झालेला असताना, पायाखालची वाळू सरकावी तसा तानपुरा गेला आणि कर्ण्यातून माझ्या पत्नीचा फोन वाजू लागला. दूध आटले, उतरवू का, असे तिला विचारावयाचे होते. याहून लाजिरवाणी गोष्ट पुढची आहे. त्या वाजण्याच्या चार सुरांना माझ्या उजव्या हाताने, मला न विचारता, पेटीवर उत्तर दिले, आणि तेही बिनचूक. देऊळ हसले, टाळ्या पडल्या. इतका वेळ माना खाली घालून बसलेल्यांपैकी कोणीतरी ते टिपलेही होते. माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या साथीतले सर्वांत अधिक लोकांनी पाहिलेले वादन ते हेच.

तुटलेल्या मध्यमाची रुजवात मी मागाहून केली. ध्वनियोजनेचे काम करणाऱ्या एका परिचिताने सांगितले की, फोन आपल्या अकलेने मोठा आवाज दाबतो, लहान आवाज चढवितो, आणि एकसारखा मंद नाद राहिला तर पुष्कळदा त्याला गोंगाट समजून पुसून टाकतो. म्हणजे माणसाच्या बोलण्यासाठी घडविलेल्या त्या यंत्राला माझ्या आयुष्यभराच्या खटपटीचा जो भाग नेमका केर वाटतो, तोच माझी शिष्या त्यातून गाळून घेऊन शिकत होती. हे ऐकून मला झालेला आनंद सात्त्विक नव्हता. निर्दोष सुटलेल्या आरोपीचा होता. 10 जानेवारी 2012 रोजी न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संचालक ॲलन गिल्बर्ट यांनी फोन वाजला म्हणून माहलरची नववी सिंफनी मध्येच थांबविली, ती शेवटच्या भागात, जेथे साऱ्या वाद्यांनी मिळून मावळत जावयाचे असते तेथे. ती हकीकत मी ओटीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, जणू काही सातासमुद्रांपलीकडे माझ्या बाजूचा एक साक्षीदार सापडला होता.

मुलीला मात्र तेवढ्याने पटले नाही, आणि पटू नये हेच बरोबर. तिने फोन दप्तरात टाकला, पेटी माझ्याकडे सरकविली आणि म्हणाली, "मग दाखवा ना, बुवा." मी बागेश्रीची ती जागा पाच वेळा वाजविली. पाऊस थोडा उणावला होता. ती समोर मांडी घालून, माझ्या बोटाकडे न पाहता, डोळे मिटून बसली होती, आणि कित्येक वर्षांनी कोणाचे तरी खांदे माझ्यापुढे उतरताना मी पाहिले. पाचांपैकी दोनदा सूर सुटला, तीनदा तुटला. तिने ते मोजले होते. दोष फोनाचा किती आणि अनामिकेचा किती, हे त्या हिशेबावरून ठरत नाही, आणि माघातल्या त्या रात्रीचा खरा मध्यम कसा होता हे सांगू शकणारी जी पन्नास माणसे हिरवळीवर बसली होती, त्यांतली बहुतेक काचेआड होती.

आता ती दर मंगळवारी येते आणि आम्ही तासभर एकच सूर सोडीत बसतो. माझा फोन मैफलीच्या दिवशी घरी राहतो. माळ्यावरचा जुना तानपुरा मी खाली काढला आहे, त्याच्या दोन तारा गंजल्या आहेत, आणि मिरजेहून नव्या आणावयाच्या अद्याप राहिल्या आहेत.