नाव एकाचं, हात दुसऱ्याचा

शासन निर्णय शेवटपर्यंत वाचणारे शिक्षक थोडेच. मी वाचते, कारण त्याची अखेरची ओळ मला आवडते: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. खाली सही मात्र एखाद्या उपसचिवाची. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, पण सही करणारा माणूस त्यामुळे लपत नाही. त्याचं नाव आणि हुद्दा तिथंच छापलेला असतो.

आपल्या शाळांच्या संगणकावर याच्या उलट चालतं. सरल असो, यू-डायस असो, लॉगिन मुख्याध्यापकांचं आणि बोटं दुसऱ्याच कुणाची. माझ्या माहितीतल्या एका शाळेत पासवर्डची चिठ्ठी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती. एका मुलीचं जन्मसाल नोंदीत चुकीचं पडलं. वडील कुवेतला, मुलीचा पासपोर्ट काढायचा, आणि कागद एकमेकांशी जुळेनात. चौकशीत एवढंच निघालं की नोंद मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून झाली. सर निवृत्तीला आलेले, दोन बोटांनी टाइप करणारे. ते पान त्यांनी बहुधा कधी उघडलंही नसेल. खुलासा त्यांनीच लिहून दिला. पासवर्ड निदान पाच जणांना माहीत होता, आणि ते पाचही जण खरोखर मदतच करत होते. म्हणून मला कुणा एकावर राग काढता येत नाही. राग आहे तो या रीतीवर.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ईदला रत्नागिरीला आला तेव्हा हे सगळं त्याच्यासमोर मांडलं. म्हणाला, “खाला, हा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे.” मोठ्या संस्थांमध्ये सगळ्या वापरकर्त्यांची एक मध्यवर्ती नोंदवही असते, तिला डिरेक्टरी म्हणतात. तिच्याशी बोलायची भाषा एलडॅप. एखाद्या प्रोग्रॅमला तिथं तुमच्या वतीनं काही करायचं असेल तर काय करायचं? तुमचा पासवर्ड मागून तुमचं सोंग घ्यायचं, ही एक वाट. स्वतःच्या मोठ्या अधिकारानं सगळ्यांची कामं उरकायची, ही दुसरी. मग काम कुणासाठी झालं ते डिरेक्टरीला कळतच नाही.

तिसरी वाट २००६ साली आरएफसी ४३७० या दस्तऐवजात लिहून ठेवलेली आहे. प्रोग्रॅम स्वतःच्याच ओळखीनं आत येतो आणि एकेका विनंतीला जोडून सांगतो, ‘हे काम अमुक व्यक्तीच्या अधिकारात कर.’ सर्व्हर आधी बघतो की या प्रोग्रॅमला त्या व्यक्तीच्या वतीनं वागायची मुभा आहे का. नसेल तर नकार, त्याचा क्रमांक १२३. असेल तर त्या व्यक्तीला जेवढं करता येतं तेवढंच होतं. नोंदीत दोघांचीही ओळख ठेवता येते. आणखी एक अट मला फार आवडली. सर्व्हरला ही जोडणी समजतच नसेल, तर त्यानं ती सोडून देऊन प्रोग्रॅमच्याच नावावर काम उरकायचं नाही. सरळ नाही म्हणायचं.

मला हसू आलं, कारण ही रीत मी लहानपणापासून पाहत आले आहे. आमच्याकडे निकाहच्या वेळी नवरीच्या खोलीत वकील येतो, बरोबर दोन साक्षीदार. मराठीत वकील म्हटलं की काळा कोट आठवतो, पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ ज्याच्यावर काम सोपवलं तो. पेशवाईत दरबारी प्रतिनिधीलाही वकीलच म्हणत. तर हा वकील मुलीला मुलाचं नाव सांगतो, मेहेरची रक्कम सांगतो आणि विचारतो. खोलीत आम्ही बायका श्वास रोखून. ती हो म्हणाली की तो बाहेर जाऊन तिच्या वतीनं बोलतो. निकाहनाम्यावर तिची सही असते, आणि वकिलाची स्वतःच्या नावाची वेगळी. मेहेरची रक्कम तो आपल्या मनानं बदलू शकत नाही.

आखातात गेलेल्या आमच्या भावांची जमिनीची कामंही अशीच होतात, कुलमुखत्यारपत्रावर. १८८२ चा कायदा मुखत्याराला स्वतःच्या नावानं, स्वतःची सही करू देतो, अधिकार मात्र दिलेल्या माणसाचा. कुवेतच्या भावाची सही घरबसल्या गिरवून चालत नाही. ते कुणालाही सांगावं लागत नाही. सगळे त्याला खोटी सहीच म्हणतात. पासवर्डला मात्र आपण मदत म्हणतो.

प्रत्येक शिक्षकाला वेगळं लॉगिन आणि वर्गापुरता अधिकार, एवढं हवं आहे. ते मिळेपर्यंत आमच्या शाळेत संगणकाजवळ एक शंभरपानी वही ठेवली आहे. तारीख, कोणाचं लॉगिन, काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून, आणि बसलं कोण होतं. सुरुवातीला दोघं-तिघं रुसले, विश्वास नाही का म्हणाले. मुख्याध्यापकांनी पहिली ओळ स्वतःच्याच नावानं भरली. पेन सुतळीनं बांधलंय, तरी आठवड्याला एक नाहीसं होतं.