तांबूच्या घड्याळानं पणजी

२ डिसेंबर, पुणे

पणजीला जायचं ठरलं, आणि तांबूला घेऊनच. तांबू आमची देशी कुत्री, नऊ वर्षांची, अठरा किलोची. तारीख ठरवण्यातच संध्याकाळ गेली. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त, रस्त्यांवर गर्दीच गर्दी. मग नाताळ, मग एकतीसची रात्र आणि फटाके. फटाके वाजले की तांबू पलंगाखाली शिरते आणि दुसऱ्या दिवशीही जेवत नाही. घरात निदान तिचा पलंग असतो. परक्या गावात घाबरलेलं कुत्रं पट्टा हिसडून कुठंही पळत सुटतं. म्हणून संक्रांत उलटल्यावर निघायचं.

५ डिसेंबर

कशानं जायचं यावर नवऱ्याशी बरीच चर्चा झाली. विमान बाद. आकासा एअरनं नोव्हेंबर २०२२ पासून लहान प्राण्यांना केबिनमध्ये न्यायला सुरुवात केली, पण वजन पिंजऱ्यासकट मोजतात. त्यात तांबू बसत नाही. सामानाच्या कप्प्यात तिला एकटीला ठेवायची माझी तयारी नाही.

रेल्वेत मोठं कुत्रं बरोबर बसतं ते फक्त फर्स्ट क्लासला, तेही अख्खं कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच. कूपे मिळालं की नाही हे चार्ट लागल्यावर कळतं. त्यानंतर डॉक्टरांचा दाखला आणि लसींचं पुस्तक घेऊन पार्सल ऑफिसात तिचं बुकिंग करायचं. नाहीतर गार्डाच्या डब्यातली लोखंडी पेटी. नऊ वर्षांच्या कुत्रीला रात्रभर त्या पेटीत ठेवणं मला क्रूर वाटतं. आपली गाडीच बरी. वाटेत कोल्हापूरला आत्याकडे मुक्काम, म्हणजे एका दिवसात साधारण सव्वादोनशे किलोमीटरच.

११ डिसेंबर

राहायच्या जागेसाठी फोन. जाहिरातीत सगळेच ‘पेट फ्रेंडली’. एका ठिकाणी आगाऊ पैसे भरायच्या आधी सहज विचारलं, तर म्हणाले, कुत्रं चालेल, पण रात्री व्हरांड्यात बांधायचं. अनोळखी जागी, अंधारात, एकटीला! असं असेल तर तो शब्द जाहिरातीत घालूच नये.

तेव्हापासून फोनवर तेच ते विचारते. खोलीत झोपू देणार ना? खोली तळमजल्यावर आहे का? आवारात तुमची स्वतःची कुत्री मोकळी असतात का? जवळ माती किंवा गवत आहे का? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक गोंधळतात. पण तांबू फरशीवर, डांबरावर शू करत नाही. माती मिळेपर्यंत धरून ठेवते. अखेर मळ्याजवळ एक जुनं घर मिळालं. मालकीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “जेवते काय ती?” तिथंच पक्कं केलं.

१३ जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. रेबीजची लस चालू वर्षाची आहे, लेप्टोचीही आहे. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो, आणि गोव्याच्या ओल्या हवेत साचलेलं पाणी कुठंही भेटतं. डॉक्टरांनी गोचिडांसाठी औषध दिलं, घाटात उलटी होऊ नये म्हणून गोळी दिली आणि बजावलं, “निघायच्या तीन-चार तास आधीपासून खायला देऊ नका. पाणी मात्र देत राहा.”

गळ्यातल्या बिल्ल्यावर आमचे दोन्ही फोन नंबर कोरून घेतले.

१६ जानेवारी, कोल्हापूर

पहाटे निघालो. तांबू मागच्या सीटवर, हार्नेस सीटबेल्टला अडकवलेला. खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं कुत्रं फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात डोळ्यांत धूळ जाते, खडा बसतो, आणि करकचून ब्रेक लागला तर मान जाते. काच चार बोटं उघडी, बस्स. दर दोन तासांनी थांबलो; आधी पट्टा हातात, मगच दार उघडायचं.

आत्यानं प्रेमानं पांढऱ्या रश्श्यातलं मटण तिच्यासाठी वाटीत काढलं. “आत्या, तिला नको गं. कांदा-लसूण चालत नाही कुत्र्यांना, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.” आत्याला पटेना. “अगं, आमच्या वाड्यातलं कुत्रं जन्मभर रस्साभात खाऊन जगलं!” तरी उठून तिनं बिनमिठाचं चिकन उकडलं. संध्याकाळी रंकाळ्यावर तांबू पाण्याकडे बघत बराच वेळ बसली. आम्हीही बसलो.

१७ जानेवारी, पणजी

आजरा, आंबोली, सावंतवाडी. आंबोलीत माकडांमुळे गाडीतून उतरलोच नाही. घाट अगदी सावकाश उतरलो, उलटी झाली नाही. खोलीत शिरल्यावर आधी तिची घरची न धुतलेली चादर अंथरली. ती हुंगली, तीन गिरक्या घेतल्या आणि झोपली.

१८ जानेवारी

सकाळी साडेसहाला फोंताईन्हासमध्ये. पिवळ्या-निळ्या भिंती, अरुंद बोळ आणि जवळपास प्रत्येक उंबऱ्यावर एक कुत्रं. कित्येकांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली, आणि त्याच वेळी रेबीजची लसही टोचलेली. २०२१ मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं, ते वर्षानुवर्षं घरोघर आणि रस्तोरस्ती लस टोचत फिरलेल्या माणसांमुळे. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. खाच बघून जीव निवांत होतो, पण हद्द त्यांची आहे हे विसरायचं नाही. कुणी उठून उभं राहिलं की आम्ही पट्टा सैल ठेवून, न थांबता, पलीकडच्या बाजूनं जायचो. पट्टा ताणला की आपली भीती तिच्यापर्यंत पोचते आणि भांडण तिथूनच पेटतं.

नऊच्या आत परत. तोवर डांबर तापायला लागलं होतं. हाताचा पंजा उलटा करून रस्त्यावर सात सेकंद टेकवता आला नाही, तर तिचे पाय पोळणारच. दुपारी बाहेर बत्तीस अंश, ती पंख्याखाली.

१९ जानेवारी

जुन्या गोव्याला बॉम जेझू चर्च आम्ही आळीपाळीनं पाहिलं. एक आत, एक बाहेर सावलीत तिच्यासोबत. शेजारीच एका बंद गाडीत छोटं पांढरं कुत्रं धापा टाकत होतं, काच बोटभर उघडी. बाहेर तीस अंश असलं, तरी अर्ध्या तासात गाडीच्या आत पंचेचाळीसच्या वर जातं, आणि बोटभर उघड्या काचेनं फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकणं एवढाच त्याचा उपाय. मी रखवालदाराला बोलावलं, त्यानं मालकांना शोधून आणलं. ते म्हणाले, “दहाच मिनिटं झाली.” दहा मिनिटंही नकोत.

संध्याकाळी मिरामार. लाटांना भुंकून झालं, समुद्राचं पाणी प्यायला लागली तशी मागे ओढून बाटलीतलं दिलं.

२२ जानेवारी, पुणे

काल घरी पोचलो. आज तिला अंघोळ घालून कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली तपासलं. एक गोचीड सापडली, चिमट्यानं मुळापासून काढली. पुढचे दोन-तीन आठवडे जेवण कमी झालं, अंग तापलं किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर लगेच रक्त तपासायचं.

मे महिन्यात नागपूरला भाचीचं लग्न आहे. घरातले सगळे म्हणतात, तांबूलाही आणा. नागपूरचा मे, मांडवातला बँड, दिवसभराची गाडी. नेणार नाही. त्या आठवड्यात ती खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे राहील. त्यांच्याशी बोलून ठेवलंय.